त्रेसष्ट नंबरची डावी बाजू

कुवेतमधल्या जलीबच्या त्या खोलीत नवा माणूस राहायला आला, की पहिल्या आठवड्यातच त्याला काही गोष्टी समजावून सांगितल्या जातात. सकाळी बाथरूमला कोणाचा नंबर कितवा, कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, ताजी अंडी कुठल्या वारी येतात, आणि शत्रुघ्न धुरीला गाड्यांच्या रेसबद्दल चुकूनही काही विचारायचं नाही. नवा माणूस अर्थात विचारतोच. मग बाकीचे पाचजण आपापल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि शत्रुघ्न उशीला टेकून, मांडी घालून, चष्मा पुसून सुरुवात करतो. गोष्ट गेल्या जानेवारीतली, एका शुक्रवारची. ती सांगताना त्याला आजही चहा थंड झाल्याचं कळत नाही.

शत्रुघ्न मूळचा कुडाळजवळच्या एका वाडीतला. शुवेखच्या गॅरेजांच्या गल्लीत तो चौदा वर्षं डेंटर म्हणून काम करतोय. ठोकून आलेल्या गाड्यांचा पत्रा पुन्हा जागेवर आणणं हे त्याचं काम. गावात चंपाला, म्हणजे त्याच्या बायकोला, कोणी विचारलं की घो कुवेतला काय करतो, तर ती सरळ सांगे, "लोकांनी ठोकलेल्यो गाडये हे परत ठोकतत." ऐकणारे हसत आणि तीही हसे. शत्रुघ्नाला मात्र ते मनातून लागायचं. दर दोन वर्षांनी तो गावी जायचा, महिनाभर राहायचा, आणि त्या महिन्यात आपण तिकडे नेमकं काय करतो हे बायकोला सांगायचा प्रयत्न करायचा. मोबाइलवर फोटो दाखवायचा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. चंपा दोन फोटो बघेपर्यंत ठीक असायची, तिसऱ्याला तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

या माणसाला एकच शौक. दारू नाही, पत्ते नाहीत. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी दुपारी शहराबाहेरच्या सर्किटवर जायचं आणि स्टॉक कारची रेस बघायची. स्टॉक कार म्हणजे रस्त्यावर धावते तीच गाडी. आतल्या सीटा, गाद्या सगळं उपटून टाकायचं, लोखंडी पायपांचा पिंजरा घालायचा आणि वीस वीस गाड्या एकदम सोडायच्या. या गाड्या एकमेकींना खेटतात, घासतात, कधी भिंतीला जाऊन भिडतात. बाकीचे प्रेक्षक कोण पुढे आणि कोण मागे ते बघतात. शत्रुघ्न बघतो पत्रा. कुठली गाडी घासली, मडगार्ड किती आत गेलं, हे काम हातोडीने निघेल की नाही, असा त्याचा हिशेब चालू असतो. त्याच्या खोलीतला ओवैस, म्हसळ्याकडचा, नेहमी त्याच्याबरोबर असतो. ओवैस म्हणतो, या माणसाबरोबर रेस बघणं म्हणजे लग्नात हलवायाबरोबर जेवायला बसणं.

तर त्या जानेवारीच्या आदल्याच महिन्यात, डिसेंबरात, नबीलची गाडी भिंतीला भिडली.

नबील कुवेती पोरगा, तिशीचा, त्यांच्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. त्याची निळी गाडी, नंबर त्रेसष्ट. त्याला काही लागलं नाही, पण गाडीची ड्रायव्हरकडची म्हणजे डावी बाजू पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत चुरगळली. गाडी गॅरेजात आणली तेव्हा मुदीरने, त्यांच्या मालकाने, एक चक्कर मारली आणि मान हलवली. नवे पार्ट मागवायचे तर महिना. रेस त्याच्या आधी. नबील बिचारा गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता, घरचं माणूस आजारी असावं तसा.

"मी काढतो," शत्रुघ्न म्हणाला.

मुदीरने त्याच्याकडे असं बघितलं, की हा आज जेवलाय की नाही. पण शत्रुघ्न बोलून बसला होता. नऊ दिवस त्याने दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. दार उतरवून आतून ठोकलं, मागचा पत्रा तर कापून काढता येत नव्हता, तो इंच इंच गरम करून, थंड करून, लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडीने बाहेर आणला. पुटी भरून खड्डे लपवणं त्याला कमीपणाचं वाटतं, त्यामुळे पत्राच पत्र्यासारखा होईपर्यंत तो ठोकत राहिला. शेवटचे दोन दिवस तर तो हातोडी कमी आणि तळहात जास्त वापरत होता. डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायचा, कुठे केसाएवढा उंचवटा लागला की तिथे थांबायचा. रंग चढला, आकडा चिकटवला, आणि गाडी ट्रेलरवर बसून नबीलच्या घरी गेली. आणि दुसऱ्या दिवशी चंपा आणि मुलगी स्वरा कुवेतच्या विमानतळावर उतरल्या.

त्या पहिल्यांदाच येत होत्या. व्हिजिट व्हिसाचे नियम सैल झाले आणि शत्रुघ्नाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा अर्ज टाकला. जलीबच्या बॅचलरांच्या खोलीत बायको-मुलीला ठेवणं शक्यच नव्हतं. पण कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंट्स बघणारा प्रभाकर त्याच्या ओळखीचा होता, त्याची बायको आनंदी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. त्याने फरवानियाच्या आपल्या फ्लॅटमधली एक खोली दिली आणि वर गाडीची किल्लीही देऊन टाकली. अशी माणसं परदेशातच भेटतात, असं शत्रुघ्न म्हणतो, आणि लगेच म्हणतो की गावातही भेटतात, पण गावात आपल्याला गरज पडत नाही.

स्वरा सोळा वर्षांची, अकरावीला. तिला मॉल बघायचे होते, समुद्राकाठचे टॉवर बघायचे होते. चंपाला सोन्याचा बाजार नुसता बघायचा होता, घ्यायचं काही नव्हतं. शत्रुघ्नाने सगळं दाखवलं. पण मनात एकच घोकत होता, की शुक्रवार येऊ दे. शुक्रवारी यांना नेऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसवीन, गाडी समोरून जाईल, आणि मी बोट दाखवीन. हे मी केलं. फोटो नाही, सांगणं नाही. यांच्या डोळ्यांनी, धावत्या गाडीवर. चौदा वर्षांत बायकोला दाखवण्यासारखं पहिल्यांदाच त्याच्या हातून काही झालं होतं, आणि पुढच्या रेसला भिंत पुन्हा तिथेच असणार होती. दाखवायचं तर आत्ताच.

शुक्रवारी नमाजानंतर रस्ते मोकळे होतात, तेव्हा ते निघाले. चंपाने पर्समध्ये खाजा भरून घेतला होता, गावाहून आणलेला. तिचा प्रश्न साधा होता.

"तीन तास गाडये बघूचे? येताना रस्त्यार बघलंय त्या काय होता?"

"अगो, ह्यो वेगळ्यो."

"वेगळ्यो म्हणजे? चाकां चारच ना?"

स्वरा मागच्या सीटवर खिदळली. शत्रुघ्नाने मनावर घेतलं नाही. त्या दिवशी त्याला कोणी शिव्या घातल्या असत्या तरी गोड लागल्या असत्या.

तिकिटं त्याने आदल्या आठवड्यातच काढून ठेवली होती. स्वतः काउंटरवर उभा राहून, नेहमीचा स्टँड, तिसरी रांग, तीन सीटा सलग. फाटकावर ओवैस आणि खोलीतले आणखी दोघे रांगेत होतेच. त्यांनी वहिनींना नमस्कार केला, स्वराला "किती मोठी झालीस" म्हणाले आणि तिने सगळ्या मुली करतात तसं ओशाळं हसून दाखवलं. रांग पुढे सरकली. तिकीट तपासणारा नेपाळी पोरगा होता. त्याने तिकिटं बघितली, मग चंपाकडे, मग स्वराकडे बघितलं.

"भैया, ये तो बॅचलर साइड है. फॅमिली उधर."

शत्रुघ्नाने त्याच्या हातातल्या तिकिटांवर वाकून बघितलं. आता, ही गोष्ट कुवेतला आलेल्या कोणालाही पहिल्या महिन्यात कळते. बायको गावी असली की इथे तुम्ही बॅचलर. तुम्हाला तीन पोरं असोत, सून असो, तुम्ही बॅचलरच. बागेत बॅचलरांचा दिवस वेगळा, हॉटेलात फॅमिलीचा पडदा वेगळा, घर भाड्याने देणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच. आणि या माणसाने चौदा वर्षं हेच सोसलं होतं, तरी तिकीट काढताना हात सवयीने जिकडे जायचा तिकडेच गेला. आपण आज फॅमिली आहोत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आधी तो वरमला. पण पोऱ्या भला होता. त्याने वॉकीटॉकीवर कोणाशी तरी बोलून तिथेच तिकिटं बदलून दिली आणि पिवळ्या दोरीपलीकडचं दुसरं फाटक दाखवलं. तिथे रांग नव्हती. वर मंडप होता, खाली गालिचा होता. शत्रुघ्न दोरी ओलांडून बायको-मुलीला घेऊन त्या फाटकातून आत शिरला, तेव्हा मागून ओवैसने शिट्टी मारली. "आज काय बाबा, धुरीसाहेब फॅमिलीवाले!" शत्रुघ्नाने मागे वळून हात केला. छाती अशी फुगली होती, की शर्टाची बटणं मोजून बघावीत. त्या गालिच्यावरून चाललेली वीस पावलं त्याला अजून आठवतात. चंपाने पदर सावरून घेतला होता आणि विचारलं होतं, "ह्या सगळ्या आमच्यासाठी?" आणि तो म्हणाला होता, "मगे!"

फॅमिली स्टँडला जायला ट्रॅकखालून भुयारी वाट होती. पलीकडे निघालं की जिना, वर गाद्यांच्या खुर्च्या, सावली, एका बाजूला गाड्यांची दुरुस्तीची जागा. त्यांना पुढून दुसरी रांग मिळाली. शेजारी एक कुवेती बाई होती, दोन मुलं आणि एक थर्मास घेऊन. तिने चंपाला लगेच कपात कॉफी ओतून दिली. चंपाने पर्समधून खाजा काढला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पाच मिनिटांत खाजा कशाचा, कोणी केला, गूळ किती घालायचा इथपर्यंत गाडी गेली होती. स्वरा मध्ये इंग्रजीतून पूल बांधत होती.

मग इंजिनं सुरू झाली आणि चंपाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

वीस गाड्या आल्या. आल्या त्या उलट्या बाजूने. म्हणजे शत्रुघ्नाला तसं वाटलं. इतकी वर्षं गाड्या त्याच्या उजव्या हाताकडून यायच्या आणि डावीकडे निघून जायच्या. आज डावीकडून आल्या. तो गोंधळून हसला, आणि तेवढ्यात निळी गाडी समोरून गेली. चौथ्या नंबरावर. तो उभा राहिला, बोट पुढे केलं, "ती बघा, ती—" म्हणाला आणि बोट तिथेच राहिलं.

उजवी बाजू. त्याला दिसली ती गाडीची उजवी बाजू. जिला त्याने हातसुद्धा लावला नव्हता, जी कारखान्यातून आली तशीच होती.

त्याने सगळा ट्रॅक नजरेने एकदा फिरून बघितला. बॅचलरांचा स्टँड ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला, फॅमिली स्टँड आतल्या अंगाला. गाड्या फिरायच्या घड्याळाच्या काट्यांसारख्या. बाहेर बसलेल्याला नेहमी डावी बाजू दिसणार, आत बसलेल्याला नेहमी उजवी. वीस फेऱ्या, वीसही वेळा उजवी. समोर, ट्रॅकपलीकडे, उन्हात बसलेला ओवैस डाव्या बाजूकडे बघत असणार. बायको-मुलगी सोडून सगळं जग डाव्या बाजूकडे बघत होतं.

"खंयची? निळी?" चंपाने विचारलं. "बरी आसा."

"ती नव्हे. म्हणजे तीच. पण पलीकडली बाजू."

"पलीकडली कशी दिसतली?"

तेच तर. तो मटकन खाली बसला. स्वराने एकदा बापाकडे बघितलं आणि सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "एवढंच ना बाबा? ओवैसकाकांना सांगा, ते तिकडून व्हिडिओ पाठवतील."

"नको."

"का पण? एक मिनिटात येईल."

"फोटो चौदा वर्षां धाडलंय," शत्रुघ्न म्हणाला. आवाज चढला होता, इंजिनांमुळे नव्हे. "आज तुमी हंय इलास ना? मगे डोळ्यांनी बघा. मोबाइलार बघूचा तर कुडाळाक बसान बघला असता."

स्वराने मोबाइल खाली ठेवला. बाप असा रागावलेला तिने फारसा पाहिला नव्हता. दोन वर्षांतून एक महिना भेटणारा बाप रागवायला वेळ कुठून आणणार? चंपाने त्याच्या हातात खाज्याचा तुकडा ठेवला. तो त्याने खाल्ला नाही, धरून बसला.

पाचवी फेरी, सातवी फेरी. त्रेसष्ट नंबर तिसऱ्या जागेवर आला. शेजारच्या बाईची मुलं निळ्या गाडीच्या नावाने ओरडत होती, चंपाही आता कानावरचे हात काढून त्यांच्याबरोबर ओरडत होती. तिला रेस आवडायला लागली होती, हे बघून शत्रुघ्नाला आणखीच वाईट वाटलं. पोरगी मन लावून बघतेय, बायको टाळ्या वाजवतेय, आणि आपण रडवं तोंड घेऊन बसलोय. पण करणार काय? गाडीची डावी बाजू या स्टँडला दिसायची तर एकच रस्ता होता. गाडी गरकन फिरली पाहिजे. तोंड मागे, शेपूट पुढे.

हा विचार मनात आला तेव्हा त्याने स्वतःला एक थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. नबीलने किती आशेने गाडी उतरवली होती! पण विचार जाईना. आणि मग, अकराव्या फेरीला, कुडाळचा माणूस अडचणीत सापडल्यावर जे करतो तेच त्याने केलं. हात जोडले, मान खाली घातली आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. ओठातल्या ओठात.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या परमुलखातसून तुझा लेकरू तुका हाक मारता. तर त्या त्रेसष्ट नंबराच्या गाडयेक खंयचो दणको लागाक देव नको. त्या झिलाच्या केसाक धक्को लागाक देव नको. भिंतीक तर टेकाकच देव नको. पण तेका एक गिरकी मारूक लाव. एकच. अर्धी चलात. एवढा कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं कोणी घातलं तर जवळच्या माणसाने होकार भरायचा, हे कोकणात लहान पोराच्याही अंगात भिनलेलं असतं. चंपाला गाड्यांच्या आवाजात बाकी काही ऐकू गेलं नाही. नवरा हात जोडून बसलाय आणि शेवटी "रे म्हाराजा" म्हणतोय, एवढंच तिला कळलं. नवऱ्याची गाडी जिंकावी म्हणून असणार. तिने कॉफीचा कप खाली ठेवला, हात जोडले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!"

शत्रुघ्नाच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकट्याने केलेलं गाऱ्हाणं देवाने कदाचित हसण्यावारी नेलं असतं. आता ते पक्कं झालं होतं.

चौदाव्या फेरीला नबील दुसऱ्या जागेवरच्या गाडीला गाठायला गेला. सरळ रस्ता संपतो तिथे, फॅमिली स्टँडच्या अगदी नाकासमोर, त्याने ब्रेक जरा उशिरा दाबला. मागची चाकं सुटली. निळी गाडी वळली, आणखी वळली, टायरांचा पांढरा धूर निघाला, आणि ती भिंतीपासून चांगली दोन हात अलीकडे, तोंड मागे करून उभी राहिली. कुठे टेकली नाही, कुठे ओरखडा नाही. इंजिन बंद पडलं होतं. दुपारचं ऊन तिरपं, सरळ गाडीच्या डाव्या बाजूवर.

सगळा स्टँड "आऽऽह" करून हळहळला. आणि त्या हळहळीत एकच माणूस ताडकन उभा राहून टाळ्या पिटत होता.

"बघा! बघा! हीच ती! दार बघा, दारामागचो पत्रो बघा! स्वरा, चंपा, बघा गो!"

मागे बसलेल्या एका गृहस्थाने त्याच्याकडे असं बघितलं, की हा कुठल्या शत्रुपक्षाचा. शेजारची मुलं त्याच्यावर डोळे वटारून होती. शत्रुघ्नाला कसलं भान नव्हतं. मडगार्ड, दार, मागचा पत्रा, मधली ती लांब रेघ मागच्या दिव्यापर्यंत न मोडता गेलेली. तो बघत होता आणि बायको-मुलगी बघतायत ना हे बघत होता. खिडकीतून नबील दिसत होता. तो स्टिअरिंगवर मूठ आपटत होता. ते दिसलं तसा शत्रुघ्न चपापला, टाळ्या थांबल्या, हात हवेत राहिले. किती तरी गाड्या घोंघावत पुढे गेल्या. मग इंजिन खोकलं, निळी गाडी वळली आणि पुन्हा तीच उजवी बाजू दाखवत निघून गेली. सगळ्यांच्या मागे.

पंधरा-वीस सेकंद मिळाले असतील. शत्रुघ्न खाली बसला. घाम पुसला. नबीलची आपण मनापासून माफी मागायची, हे त्याने तिथेच ठरवलं. ती त्याने पुढच्या आठवड्यात मागितलीही, आणि देवाला काय सांगितलं होतं ते ऐकून नबील गॅरेजच्या पायरीवर बसून हसला. पण ते नंतर. आत्ता तो चंपाकडे वळला. इतकी वर्षं ज्यासाठी थांबला होता ते विचारायला त्याला जरा भीतीच वाटली.

"बघलंस?"

"बघलंय," चंपा म्हणाली.

"मगे?"

चंपाने विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नाही. नवऱ्याचं मन राखायलासुद्धा तिला ते जमत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

"खरा सांगू? माका वाटला काय तरी वेगळा आसतला. आतापर्यंत ही बाजू बघी होतंय, आता ती बघलंय. दोन्ही सारख्योच. त्यात काय बघूचा होता?"

शत्रुघ्नाचं तोंड पडलं. एवढं सगळं करून, देवाला मध्ये घालून, एका भल्या पोराची रेस घालवून हे? तो ट्रॅककडे बघायला लागला. स्वराने गाडी फिरली तेव्हा फोटो घेतला होता, आधीही दोन घेतले होते. तिने मोबाइल आईपुढे धरला, बोटांनी मोठा केला, इकडचा फोटो, तिकडचा फोटो.

"आई, नीट बघ ना. बाबांनी नऊ दिवस काम केलंय त्यावर."

चंपाने डोळे बारीक करून नीट बघितलं. खरोखरच नीट, सुईत दोरा ओवताना बघते तसं. मग मान हलवली.

"नाय गो. उगाच कित्याक सांगू? माका काय फरक दिसणा नाय."

"मलाही," स्वरा हळूच म्हणाली. "बाबा, सॉरी. पण खरंच नाही कळत, यातली तुम्ही केलेली कुठली."

शत्रुघ्न काहीतरी उलट बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. आणि ते तसंच उघडं राहिलं. चौदा वर्षं गिऱ्हाइकं येत होती. तयार झालेल्या गाडीभोवती फिरायची, खाली वाकायची, पत्र्यावर बोट ठेवायची आणि म्हणायची, इथे बघ, इथे जरा दिसतंय. मुदीरही बोट ठेवायचा. तो स्वतःही रोज, डोळे मिटून, हेच शोधायचा, की कुठे दिसतंय. आणि इथे त्याच्या घरच्याच दोघी डोळे फाडफाडून शोधत होत्या आणि त्यांना सापडत नव्हतं.

त्याला रडू आलं. मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम. चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसायला लागला, पण पुसून होईना.

चंपा घाबरली. "काय झाला? मी काय वायट बोललंय?"

"नाय गो."

"मगे रडतास कित्याक? बरी आसा तुमची बाजू. चांगली आसा."

"चांगली नको म्हणू," शत्रुघ्न म्हणाला. "ता मघाचा परत सांग."

"खंयचा?"

"फरक."

शेजारच्या बाईने रुमाल पुढे केला होता. गाड्या पुन्हा समोरून गेल्या आणि कोणाला काही ऐकू येईना, म्हणून चंपा त्या जाईपर्यंत थांबली. मग नवऱ्याच्या कानाजवळ तोंड नेऊन, वेड्या माणसाला समजवावं तशी, एकेक शब्द सुटा करून तिने सांगितलं, "माका, काय, फरक, दिसणा नाय."

त्याने तिचा हात धरला. फॅमिली स्टँडमध्ये, शंभर माणसांसमोर, आणि रेस संपेपर्यंत सोडला नाही.